रात्रीचा सायकलप्रवास : दिवे आणि साधनसामग्री यांविषयीच्या चर्चेचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत सायकल चालवायची झाल्यास कोणता दिवा घ्यावा, तो कशावर चालावा आणि त्याखेरीज सामानात काय असावे, हा प्रश्न वरकरणी खरेदीचा वाटतो. परंतु त्यात प्रकाशशास्त्र, विद्युतशास्त्र, रस्त्याचे नियम, वाहनचालकाच्या दृष्टीच्या मर्यादा आणि झोपेचे शरीरशास्त्र एकमेकांत गुंतलेले असल्याने त्यावर जगभरच्या दीर्घ पल्ल्याच्या सायकलस्वारांत दीर्घकाळ मतभेद आहेत. महाराष्ट्रात या चर्चेला निकड आली ती 'बीआरएम' या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या उपक्रमांमुळे. ऑडॅक्स क्लब पॅरिझियाँ या फ्रेंच संस्थेच्या नियमांनुसार, आणि भारतात ऑडॅक्स इंडिया रँदोनर्स या संघटनेच्या देखरेखीखाली, होणाऱ्या या फेऱ्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तासांची मुदत असते. त्या शर्यती नसतात. मुदतीत पोचणाऱ्या प्रत्येकाची नोंद सारखीच होते. मात्र नियंत्रण ठाण्यांखेरीज बाहेरची मदत घेता येत नाही आणि सामानाची गाडी मागे ठेवता येत नाही, त्यामुळे रात्री जो उजेड लागेल तो स्वाराने स्वतःच वाहून न्यावा लागतो.

दुसरी एक परंपरा या आढाव्यात बाजूला ठेवली आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून, आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ व लष्करातील श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये एकट्याने, जी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, त्या प्रकारच्या स्पर्धांत रात्री स्वाराच्या पाठोपाठ मोटार असणे सक्तीचे असते आणि रस्ता मुख्यतः तिच्याच दिव्यांनी उजळतो. तेथील अनुभवावरून काढलेले निष्कर्ष एकट्या स्वाराला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. चर्चेत ही सरमिसळ वारंवार होते.

रात्र किती तासांची, हा मुद्दाही आरंभीच स्पष्ट केलेला बरा. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी फेरी ऑगस्टमध्ये होते आणि तेव्हा तेथील रात्र सुमारे दहा तासांची असते. महाराष्ट्रातील फेऱ्यांचा मुख्य हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे अंधार जवळजवळ १३ तासांचा. युरोपातील सल्ला येथे वापरताना दिव्याच्या हिशेबात हे तीन तास वाढवून धरावे लागतात.

पूर्वपीठिका

गंमत अशी, की ज्या परंपरेने रात्रीच्या सायकलप्रवासाला प्रतिष्ठा दिली ती मुळात रात्र टाळण्याच्या कल्पनेतून निघाली. १८९७ मध्ये इटलीतील काही स्वारांनी रोम ते नेपल्स हे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर सूर्योदय ते सूर्यास्त या अवधीत कापले आणि धाडसी या अर्थाचा 'ऑडॅक्स' हा लॅटिन शब्द या प्रकाराला चिकटला. त्याआधी, १८९१ मध्ये, 'ल पती जुर्नाल' या दैनिकाने भरवलेली पहिली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत शार्ल तेराँ याने सुमारे ७१ तासांत, झोप न घेता जिंकली होती. म्हणजे रात्र ओलांडणारे होतेच, पण ते व्यावसायिक स्पर्धक होते. १९०४ मध्ये ऑडॅक्स क्लब पॅरिझियाँ स्थापन झाला, १९२१ मध्ये त्याने प्रत्येकाने आपापल्या वेगाने जाण्याचा, म्हणजे आजच्या बीआरएमचा, प्रकार सुरू केला आणि १९३१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस हौशी स्वारांनाही या पद्धतीने खुली झाली. तेव्हापासून रात्रीचा दिवा ही सामान्य स्वाराची गरज ठरली.

दिव्यांचा इतिहास याला समांतर चालतो. आरंभी रॉकेलचे किंवा तेलाचे दिवे होते. त्यांचा उपयोग पाहण्यापेक्षा दिसण्यासाठी अधिक. १८९० च्या दशकात कॅल्शियम कार्बाइड व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागल्यावर कार्बाइडचे दिवे आले : वरच्या कप्प्यातील पाणी खालच्या खड्यांवर थेंबाथेंबाने पडून ॲसिटिलीन वायू निर्माण होई आणि तो पांढऱ्या, प्रखर ज्योतीने जळे. उजेड खरोखर उत्तम. परंतु दर काही तासांनी राख काढून नवे खडे भरावे लागत आणि वाससुद्धा सोसावा लागे. नंतर टायरच्या बाजूला टेकणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो आला, जो महाराष्ट्रातील एका पिढीच्या स्मरणात त्याच्या घरघरीसह पक्का आहे. १९३० च्या दशकात इंग्लंडमधील स्टर्मी-आर्चर कंपनीने चाकाच्या तुंब्यातच, म्हणजे हबमध्ये, डायनॅमो बसवला, तरी त्याची शक्ती बेताचीच होती. १९९० च्या दशकात जर्मनीतील ट्यूबिंगन येथे विल्फ्रीड श्मिट यांनी तयार केलेल्या हब डायनॅमोने दीर्घ पल्ल्याच्या स्वारांत त्याला नवे स्थान मिळवून दिले.

खरी उलथापालथ मात्र एलईडीने केली. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीमुळे पांढरा एलईडी शक्य झाला, आणि त्या शोधाबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तीन वॉटमध्ये पूर्वी जो मिणमिणता पिवळा उजेड मिळे, त्याच्या कित्येक पट उजेड आता तितक्याच विजेत मिळू लागला; परिणामी जुने वाद निकालात निघण्याऐवजी नव्या पायावर उभे राहिले, कारण आता डायनॅमो आणि बॅटरी हे दोन्ही पर्याय खरोखर पुरेसे झाले.

कायद्याच्या बाजूने भारतातील स्थिती चमत्कारिक आहे. एके काळी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला आणि रात्री दिवा लागे, आणि 'डबलसीट' व 'विनादिवा' या दोन गुन्ह्यांसाठी पोलीस सायकलस्वारांना अडवीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्या यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या वाहनांपुरती असल्याने मोटारींच्या दिव्यांबाबतचे तपशीलवार नियम साध्या सायकलीला लागत नाहीत. सायकलीच्या परावर्तकांसाठी, म्हणजे प्रकाश आल्या दिशेने परत पाठवणाऱ्या तुकड्यांसाठी, केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. दिव्याच्या झोताबाबत मात्र जर्मनीसारखी काटेकोर अट येथील स्वारापुढे नाही. त्यामुळे निवड सर्वस्वी त्याच्यावर, आणि बऱ्याच अंशी खोक्यावरील आकड्यांवर, येऊन पडते.

डायनॅमो की बॅटरी

डायनॅमोच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद असा, की चाक फिरते तोवर दिवा लागतो आणि रात्र किती लांबली याची चिंता उरत नाही. प्रमाणित हब डायनॅमो ताशी १५ किलोमीटरच्या आसपास ६ व्होल्टला ३ वॉट देतो आणि वेग वाढला तरी त्याच्या गुंडाळीच्या गुणधर्मामुळे विद्युतप्रवाह फारसा वाढत नाही. जुन्या डायनॅमोवर मागचा बल्ब गेला की सगळा प्रवाह पुढच्यावर येऊन उतारावर तोही उडे, आणि नेमका सर्वांत जास्त उजेड हवा त्या क्षणी अंधार होई. एलईडी दिव्यांतील नियंत्रक मंडलामुळे तो दोष आता राहिलेला नाही. थांबल्यावर काही मिनिटे उजेड टिकावा म्हणून त्यांत छोटा विद्युतसंचय करणारा भागही असतो. याची किंमत स्वाराच्या पायांतून द्यावी लागते. कार्यक्षमता साठ टक्के धरली, तर तीन वॉट मिळवण्यासाठी पाच वॉट खर्च होतात, आणि रात्रभर साधारण १०० ते १२५ वॉट देणाऱ्या स्वाराला हा भार चार-पाच टक्क्यांचा पडतो. 'बायसिकल क्वार्टर्ली' या अमेरिकन नियतकालिकाने हा भार नगण्य मानून डायनॅमोचा सातत्याने पुरस्कार केला आहे. वेगाचा हिशेब ठेवणाऱ्यांना तो नगण्य वाटत नाही. दोन्ही बाजूंचा आकडा एकच आहे, वाद त्याच्या महत्त्वाविषयी आहे.

बॅटरीच्या बाजूचे म्हणणे तितकेच सयुक्तिक आहे. हब डायनॅमोसाठी चाकच नव्याने विणून घ्यावे लागते, त्याची किंमत कित्येकदा साध्या सायकलीएवढी असते, आणि वाटेत तार तुटली किंवा जोड सुटला तर अंधारात तो शोधणे सोपे नसते. बॅटरीचा दिवा मात्र काढून दुसरा लावता येतो. येथे थोडे अंकगणित करून पाहणे उपयोगी ठरते, कारण बहुतेकांची फसगत त्यातच होते. तीन वॉट खाणारा दिवा, ज्याचा उजेड साधारण ३०० ल्युमेन असतो, १३ तास लावायचा तर ३९ वॉट-तास ऊर्जा लागते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या १८६५० क्रमांकाच्या एका लिथियम घटात सुमारे ११ वॉट-तास मावतात. १०,००० एमएएचची पॉवरबँक नावापुरती ३७ वॉट-तासांची असते, कारण तो आकडा आतील घटांच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. रूपांतरातील तूट वजा जाता तिच्यातून २५ ते ३० वॉट-तासच हाती पडतात. म्हणजे दिव्यातील स्वतःचे घट आणि एक पॉवरबँक एवढ्यावर मंद उजेडात रात्र निघते. परंतु त्याच दिव्याची दहा वॉटची प्रखर पायरी सतत चालवली तर हाच साठा चार तासांतच संपतो. शिवाय फोन आणि मार्गदर्शक यंत्र याच पॉवरबँकेवर हक्क सांगत असतात.

खोक्यावरील 'चालण्याचे तास' हा आकडा तर विशेष सावधपणे वाचायला हवा. विजेऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन एफएल-१ मानकात उजेड आरंभीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ मोजला जातो. या रीतीने मोजलेले 'सहा तास' कागदोपत्री खरे असले, तरी शेवटच्या काही तासांत रस्ता दिसेलच असे नाही. काही दिवे चार्जिंगला लावले असता पेटतच नाहीत, आणि ही गोष्ट खरेदीनंतर, तीही रात्री दोन वाजता, कळते.

चढाचा मुद्दा दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने वापरतात. खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या चढणीवर वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर आला, की डायनॅमोचा दिवा मंदावतो, क्वचित लुकलुकतो; बॅटरीवाल्यांच्या मते हा दोष आहे. त्यावर उत्तर असे दिले जाते, की इतक्या कमी वेगात दूरचे पाहण्याची गरजच नसते. हे उत्तर स्वाराच्या दृष्टीपुरते पटण्याजोगे आहे, पण मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसावे या दृष्टीने अपुरे आहे, म्हणून डायनॅमो वापरणारे अनुभवी स्वारही मागे एक बॅटरीचा दिवा ठेवतात. थंडीत लिथियम घटाची क्षमता घटते हा युरोपीय चर्चेतील ठळक आक्षेप मात्र दख्खनच्या हिवाळ्यात जवळजवळ गैरलागू आहे.

उजेड किती आणि कोठे

ल्युमेन आणि लक्स या दोन एककांतील गोंधळ या चर्चेत सर्वाधिक वेळ खातो. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश, तर लक्स म्हणजे विशिष्ट जागी पडलेला प्रकाश. विहिरीतून किती पाणी उपसले हे ल्युमेन सांगते, अमुक वाफ्यात किती पोचले हे लक्स. पाणी पाटातच मुरले किंवा बांध फोडून शेजारच्या रानात गेले, तर मोटारीची अश्वशक्ती सांगून उपयोग नाही. दिव्याबाबतही, हजार ल्युमेनचा गोल झोत झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत वाया जाऊ शकतो आणि तीनशे ल्युमेनचा नीट आखलेला झोत रस्ता अधिक चांगला दाखवू शकतो.

जर्मनीच्या वाहनविषयक नियमांनी हीच दृष्टी स्वीकारली आहे. तेथे पुढच्या दिव्याने १० मीटरवर किमान १० लक्स दिले पाहिजेत आणि झोताच्या वरच्या कडेला उजेड एका रेषेवर तुटला पाहिजे, जेणेकरून समोरच्याचे डोळे दिपू नयेत. २०१३ पर्यंत तेथे, अकरा किलोहून हलक्या शर्यतीच्या सायकली वगळता, डायनॅमोच बंधनकारक होता. त्या सक्तीमुळे तेथील कारखान्यांनी तीन वॉटमधून जास्तीत जास्त काढण्याची विद्या साधली, असे म्हणण्यास जागा आहे.

किती लांबचे दिसावे लागते, याचा हिशेब वेगावरून मांडता येतो. ताशी २० किलोमीटर वेगात, प्रतिक्रियेला दोन सेकंद धरल्यास, थांबेपर्यंत सुमारे १५ मीटर जातात. घाटाच्या उतारावर वेग ४० झाला, की हेच अंतर ३७ मीटरच्या घरात जाते. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत असल्याने १० मीटरवर ८० लक्स देणारा दिवा ४० मीटरवर फक्त ५ लक्स देतो, आणि कोरड्या, फिकट रस्त्यावर तेवढे पुरत असले तरी नव्या, ओल्या, काळ्या डांबरावर पुरत नाही. म्हणून सपाटीसाठी मध्यम आणि उतारासाठी प्रखर अशा दोन पायऱ्या, किंवा दोन स्वतंत्र दिवे, ठेवण्याकडे जाणकारांचा कल आहे.

येथपर्यंत युरोपीय विचार उपयोगी पडतो. पुढे महाराष्ट्रातील रस्ता आपले प्रश्न विचारू लागतो. बीआरएम फेऱ्यांचा हंगाम आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम एकाच वेळी येतो, आणि पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या आणि उसाच्या बैलगाड्या चालू असतात. ट्रॉलीला मागे दिवा असेलच असे नाही. असला तर तो बाहेर आलेल्या वाढ्यांखाली झाकलेला असतो. अशा गाडीचा सर्वांत धोकादायक भाग म्हणजे मागे लोंबणाऱ्या मोळ्या, आणि त्या बरोबर स्वाराच्या छातीच्या-डोक्याच्या उंचीवर असतात. वरची कड कापलेला जर्मन पद्धतीचा झोत रस्त्यावरचा खडा दाखवतो, पण या उंचीवर तो अंधारच ठेवतो. याच कारणाने येथील अनेक स्वार गोल झोताचे, थोडा प्रकाश वर सांडणारे दिवे पसंत करतात. त्यांची चूक काढणे अवघड आहे. त्याच वेळी दुपदरी राज्यमार्गावर अशा दिव्याने समोरचा दुचाकीस्वार दिपतो हेही खरे. दुभाजकावर कण्हेर लावलेल्या चौपदरी महामार्गावर हा प्रश्न सौम्य होतो, तरी कडेच्या पट्टीवरून उलट दिशेने, दिवा न लावता येणारी मोटारसायकल तेथेही भेटतेच.

दिव्याच्या जागेबद्दलही एकमत नाही. पुढच्या चाकाच्या चिमट्यावर, म्हणजे फोर्कवर, खाली बसवलेला दिवा खड्ड्यांच्या सावल्या लांब पाडतो, त्यामुळे खड्डा ओळखू येतो, आणि धुक्यातही तो बरा, कारण त्याचा परत फिरलेला उजेड डोळ्यांच्या रेषेत येत नाही. हेल्मेटवरील दिवा याच्या उलट : आंबोलीसारख्या धुकट घाटात तो पांढरी भिंत उभी करतो, पण वळणाच्या आत पाहण्यासाठी, मैलाचा दगड वाचण्यासाठी आणि पंक्चर काढण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे काही नाही. त्याला दुय्यम स्थान द्यावे, याबाबत बहुतेक मतप्रवाह जुळतात.

मागून दिसणे : स्थिर, लुकलुकता, परावर्तक

मागचा दिवा स्थिर असावा की लुकलुकता, या प्रश्नावर देशोदेशीचे कायदेच एकमेकांशी जुळत नाहीत. जर्मनीत सायकलीवरील लुकलुकणाऱ्या दिव्याला परवानगी नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून मिनिटाला ६० ते २४० उघडझापी या मर्यादेत तो चालतो. अमेरिकेतील रँदोनर संघटनेच्या नियमानुसार मागचा निदान एक दिवा स्थिर हवा. लुकलुकता दिवा लक्ष लवकर वेधतो, बॅटरीही वाचवतो. पण त्यावरून अंतर आणि वेग यांचा अंदाज बांधणे चालकाला जड जाते, आणि मागे चालणाऱ्या सहप्रवाशाला तर तो तासभरात नकोसा होतो. एक स्थिर व एक लुकलुकता ही तडजोड प्रचलित आहे. स्थिर दिव्याला नियमाने प्राधान्य देणे अधिक योग्य वाटते, कारण अंधाऱ्या महामार्गावर प्रश्न लक्ष वेधण्याइतकाच अंतर कळण्याचा असतो.

संशोधनाने या वादाला अनपेक्षित वळण दिले आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी बंद रस्त्यावर केलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काळ्या कपड्यांतील सायकलस्वार चालकांनी फक्त २ टक्के वेळा ओळखले, फ्लुओरेसंट बंडीतील १५ टक्के, परावर्तक बंडीतील ५० टक्के, आणि बंडीच्या जोडीला घोटे व गुडघ्यांवर परावर्तक पट्ट्या असलेले ९० टक्के. पायडल मारताना वर-खाली होणारे घोटे पाहून मेंदूला 'हा माणूस आहे' हे तत्काळ कळते. शास्त्रीय परिभाषेत याला जैविक हालचालीची ओळख म्हणतात. त्याच प्रयोगात सायकलवरील दिवा, स्थिर असो वा लुकलुकता, ही ओळख वाढवू शकला नाही. दिव्याने काहीतरी आहे हे कळते, काय आहे हे कळत नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो. दिवा निरुपयोगी आहे असा नव्हे. परावर्तकाला स्वतःचा उजेड नसल्याने तो समोरच्याच्या दिव्यावर अवलंबून असतो, आणि एका दिव्यावर किंवा दिव्याविना चालणारी वाहने जेथे आहेत तेथे त्याचे सामर्थ्य तितकेच कमी.

डेन्मार्कमधील दोन अभ्यास अपघातांच्या नोंदींवर आधारलेले आहेत. ओडेन्से शहरात ३,८४५ सायकलस्वारांच्या पाहणीत कायम लागलेल्या दिव्यांच्या गटात दुखापतीच्या अपघातांचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. पिवळ्या जाकिटाविषयीच्या, ६,७९३ जणांच्या २०१८ मधील अभ्यासात इतर वाहनाशी झालेल्या अपघातांतील घट, सहभागींच्या पूर्वग्रहाची दुरुस्ती करूनही, ३८ टक्के निघाली. दोन्ही आकडे महत्त्वाचे आहेत; परंतु ते डेन्मार्कमधील रस्त्यांचे, सायकलीची सवय असलेल्या चालकांचे आणि दिवसभराच्या वापराचे आहेत. सोलापूर रस्त्यावरील पहाटे तीनच्या अंधाराशी त्यांचे नाते लांबचे आहे.

उरलेली सामग्री

दिव्यांखेरीजच्या सामानाबाबत मतभेद कमी आणि सवयी जास्त आहेत. हेल्मेट आणि परावर्तक बंडी यांविषयी आता वाद उरलेला नाही. दोन ट्यूब, ठिगळांचा संच, टायर काढण्याचे चमचे, पंप, बहुपयोगी पाना आणि चेनची जोडकडी यांवर सर्वत्र एकमत आहे. येथे त्यात एका छोट्या चिमट्याची भर घालावी लागते, कारण महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून विखुरलेली केसाएवढी बारीक पोलादी तार सायकलच्या टायरमध्ये शिरते, बोटाला लागत नाही, आणि ती न काढता बदललेली नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. रात्री हे काम विजेरीच्या उजेडात करायचे असल्याने डोक्यावरच्या दिव्याचे महत्त्व पुन्हा अधोरेखित होते.

कपड्यांत, दिवसा तिशीत असलेले तापमान पहाटे दहा-बारावर येते आणि निफाडच्या पट्ट्यात त्याहूनही खाली जाते, हे ध्यानी घेऊन वारा अडवणारे पातळ जाकीट आणि बोटे झाकणारे मोजे पुरेसे मानले जातात. घाट उतरण्यापूर्वी अंगातल्या जर्सीत वर्तमानपत्राची घडी कोंबण्याची युरोपातील जुनी युक्ती येथेही चालते, आणि चहाच्या टपरीवर कालचा अंक मागितला तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. पावसाळ्यात दिव्यांची जलरोधकता तपासावी लागते : आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे सोसणारा, आयपीएक्स-७ म्हणजे अर्धा तास मीटरभर पाण्यात तग धरणारा. चार्जिंगच्या छिद्रावरचे रबरी झाकण एकदा सैल झाले, की या आकड्यांना अर्थ राहत नाही.

झोप हा मात्र साधनसामग्रीच्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहिलेला घटक आहे. पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीराची सतर्कता नैसर्गिकरीत्या तळाला जाते आणि कोणताही दिवा ती भरून काढू शकत नाही. एका मताने चहा-कॉफीवर रात्र रेटावी आणि उजाडल्यावर विश्रांती घ्यावी. दुसऱ्या मताने पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या बाजेवर वीस मिनिटे डोळा लावावा. दुसऱ्या पर्यायासाठी लागणारे साहित्य म्हणजे घडी करून खिशात मावणारी चंदेरी चादर आणि गजर, एवढेच. तरीही सामानाच्या याद्यांत ते क्वचितच सापडते.

अनिर्णित प्रश्न

काही मुद्दे आता मिटले आहेत असे मानता येते : एलईडीने तीन वॉटमध्ये रात्र काढणे शक्य केले आहे, घोट्यावरची पट्टी अंगातल्या बंडीला मोठी पूरक आहे, आणि दिव्याची दुसरी जोडी ही चैन नाही. डायनॅमो की बॅटरी हा प्रश्न पल्ल्यावर सोपवणे योग्य : एका रात्रीच्या ४०० किलोमीटरसाठी हिशेब करून घेतलेली बॅटरी पुरते, तर दोन-तीन रात्रींच्या १,००० किंवा १,२०० किलोमीटरसाठी डायनॅमोचे पारडे जड होते.

न सुटलेले प्रश्न त्याहून कठीण आहेत. उसाच्या ट्रॉलीसारखा उंचावरचा, दिवा नसलेला अडथळा वेळेत दिसावा आणि तरी समोरचा दिपू नये, असा झोत कसा असावा, याचे मोजमाप झालेले नाही. उपलब्ध मानके असे अडथळे नसलेल्या रस्त्यांवर घडली आहेत. चालकांच्या ओळखीवरचे प्रयोग ऑस्ट्रेलियातील, अपघातांच्या नोंदी डेन्मार्कमधील. कडेच्या पट्टीवर थांबलेला बंद ट्रक, भुंकत मागे लागणारी कुत्री, रंग उडालेला गतिरोधक यांपैकी कशाने रात्री जास्त स्वार पडतात, याविषयी जे बोलले जाते ते सगळे ऐकीव आहे.

ही उणीव भरून काढण्याचे साधन महाराष्ट्रातील सायकल मंडळांच्या हाती आयतेच आहे. प्रत्येक फेरीनंतर स्वारांची नोंदकार्डे संयोजकांकडे परत येतात. त्यांच्यासोबत एका चिठ्ठीवर पुढचा व मागचा दिवा कोणता होता, तो किती वाजता आणि का बंद पडला, आणि रात्रीत कोणता अडथळा उशिरा दिसला, या तीन गोष्टी प्रत्येक स्वाराकडून लिहून घ्याव्यात आणि हंगामाच्या शेवटी त्या एकत्र प्रसिद्ध कराव्यात.